पेरूवरचा डाग

डोंबिवली पूर्वेला पांडुरंगवाडीत आमच्या मामाचं घर. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तिथे पेरू निघतात, आणि ते कापायचे नाहीत, चावून खायचे, असा मामाचा दंडक आहे. 68व्या वर्षी पेरू दातांनी फोडता येतो ही त्याची मिरवायची गोष्ट. त्या रविवारी त्यानं अर्धा खाऊन ताटलीत ठेवलेला पेरू ताईनं उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या गरात दात रुतले होते तिथे एक फिकट गुलाबी किनार उमटली होती.

ताई ठाण्याला नौपाड्यात हिरड्यांची डॉक्टर आहे. पाटीवर 'पिरिओडोंटिस्ट' लिहिलंय, त्यामुळे निम्मे लोक तिला लहान मुलांची डॉक्टर समजून पोरं घेऊन येतात. मामानं उभी नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काढली, बॉयलर आणि कूलिंग टॉवर त्याच्याकडे. त्याचा डॉक्टरांवर विश्वास कमी, स्वतःच्या अनुभवावर फार. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, एवढाच माझा या विषयातला अधिकार.

ताई : मामा, हे रक्त कधीपासून येतंय?

मामा : पेरू कडक आहे गं. दात घासतानाही येतं कधी कधी. उष्णता, दुसरं काय.

ताई : तोंड धुताना रोज डोळ्यातून रक्त आलं असतं, तर उष्णता म्हणून बसला असतास?

मामा : डोळ्याची गोष्ट वेगळी. आणि दुखत कुठे काय? दुखलं असतं तर आलोच असतो तुझ्याकडे. फुकटात होतंय म्हटल्यावर कोण सोडतो!

ताई : दुखत नाही, तिथेच तर माणूस फसतो. दाढ किडली की लोक मला रात्री दोनला फोन करतात. हिरडी मात्र दहा-दहा वर्षं मुकाट्यानं खाली सरकत राहते. दात हलायला लागला की पेशंट दारात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, कालपासून हलतोय." काल फक्त त्याला कळलेलं असतं.

मामा : वय झालं की दात हलणारच. केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरतात, तसे दात पडतात. आमच्या वडिलांना साठीला कवळी होती. त्यात रोग कसला?

ताई : केस पांढरे होण्यापूर्वी केसांतून रक्त येत नाही, मामा. बरं, मला सांग, तुझ्या बॉयलरच्या ट्यूबला पांढरा थर बसायचा, त्याला तुम्ही काय म्हणायचात?

मामा : स्केल. कडक पाण्यातलं कॅल्शियम. वेळेवर काढलं नाही तर ट्यूब जाते.

ताई : आणि कूलिंग टॉवरमध्ये ती बुळबुळीत...

मामा : स्लाइम. शेवाळ, जंतू, सगळं एकत्र. बोटानं पुसलं तर हाताला चिकटतं.

ताई : आता जीभ खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं फिरव. खरखरीत लागतंय?

मामा जीभ फिरवत बसला. उत्तर आलं नाही, पण चेहऱ्यावर आलं.

ताई : जेवण झालं, दात घासले, तरी काही तासांत दातांवर जंतूंचा एक पातळ चिकट थर बसायला लागतो. तो तुझा स्लाइम. एक-दोन दिवस तो तसाच राहिला की लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि तो दगड होतो. तो तुझा स्केल, आपण त्याला कीटण म्हणतो. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते सगळ्यात जास्त साचतं, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. कीटण खरखरीत, त्यामुळे त्याच्यावर नवा थर आणखी घट्ट बसतो. जंतू हिरडीच्या कडेला तळ ठोकतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला तिथे रक्त पाठवतं. म्हणून हिरडी लाल, सुजलेली, हात लावला की रक्त. इथपर्यंत सगळं भरून येतं. ही लढाई वर्षानुवर्षं चालू राहिली की मात्र शरीर माघार घेतं. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटतात, हाड झिजतं, हिरडी आणि दात यांच्यामध्ये फट पडते. आम्ही तिला पॉकेट म्हणतो.

मामा : हे तुझं पुस्तकातलं. कुणी करून पाहिलंय?

ताई : पाहिलंय की. 1965 साली डेन्मार्कमध्ये आरहूसला हाराल्ड लो या संशोधकानं 12 निरोगी माणसांना दात घासायचं बंद करायला सांगितलं, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, आठ-दहा दिवसांत बऱ्या झाल्या. ना उष्णता, ना वय. पंचविशीतली पोरं होती ती.

मामा : आणि आमची आई? तिनं जन्मात ब्रश हातात धरला नाही. राखुंडी आणि बोट. 82व्या वर्षी गेली तेव्हा दातांनी शेंगदाणे खात होती.

मला वाटलं, आता ताई गडबडेल. प्रत्येक घरात अशी एक आजी असते आणि ती दंतवैद्यांच्या सगळ्या युक्तिवादांवर पाणी टाकते. पण ताई हसली.

ताई : आजी खोटी नाही. याच लोनं पुढे श्रीलंकेत चहाच्या मळ्यातल्या 480 मजुरांना 1970 पासून पंधरा वर्षं तपासलं. त्यांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या तोंडात कीटण, सगळ्यांच्या हिरड्या लाल. तरी शंभरातल्या अकरा जणांचं पुढे काहीच बिघडलं नाही. एक्याऐंशी जणांचं हळूहळू झिजत गेलं. आणि आठ जणांचे दात चाळिशी-पंचेचाळिशीतच गेले. घाण तेवढीच, पण प्रत्येकाचं शरीर तिला वेगळं उत्तर देतं.

मामा : म्हणजे मी त्या अकरातला. आईचं रक्त आहे.

ताई : तुझ्या वडिलांचंही आहे, त्यांना साठीला कवळी होती, आत्ताच म्हणालास. शिवाय आजीला साखर नव्हती. तुला आहे. शेवटचा रिपोर्ट किती?

मामा : तीन महिन्यांचा तो... आठ पॉइंट एक.

ताई : साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, हे तुला तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. उलटही खरं आहे. हिरड्यांची सूज सतत राहिली की साखर आवरत नाही. नीट उपचार केले की तीन-चार महिन्यांत तो आकडा सरासरी पाव ते अर्ध्या पॉइंटच्या घरात उतरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गोळीची जागा घेईल असं नाही, पण फुकट सोडण्यासारखंही नाही.

मामा : आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये एक जण दिवसाला दहा सिगरेटी ओढतो. त्याच्या हिरड्यांतून थेंब येत नाही. त्याचं काय?

ताई : त्याला आधी माझ्याकडे पाठव. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. घंटा वाजत नाही, कारण घंटेची तारच कापलीय. आत हाड तुझ्यापेक्षा जोरात झिजत असेल.

इथे मला आमच्या गावाकडच्या काकूची मिश्री आठवली. 1992 साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून घरात केलेली मिश्री कुठल्या कायद्यात सापडणार? काकू दिवसातून पाच वेळा दात घासते, म्हणजे पाच वेळा तंबाखू लावते, आणि आपले दात फार स्वच्छ असतात म्हणून अभिमानानं सांगते. बोट फिरतं तिथली हिरडी मुळापर्यंत उतरलीय.

मामा : मी काही मिश्री लावत नाही. मी दंतमंजन लावतो. तेही आपल्या डोंबिवलीचं! पेंढरकरांनी 1952 साली परळला दंतमंजनापासूनच विको सुरू केली, मग कारखाना इथे आला. आज कॉलेजला नाव आहे त्यांचं. आणि ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही, हे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. एक्साइजवाल्यांशी वर्षानुवर्षं केस लढले ते लोक.

ताई : लढले आणि जिंकले, मलाही कौतुक आहे. पण कोर्टापुढे प्रश्न होता कर कुठल्या दरानं लावायचा. तुझ्या दाढेमागचं पॉकेट किती मिलिमीटर आहे, हा नव्हता. मी मंजनाला नावं ठेवतच नाही. पेस्टलाही डोक्यावर घेत नाही. पेस्टच्या जाहिरातींवर जेवढा पैसा जातो, त्यातला थोडा ब्रश धरायचा कसा हे शिकवण्यावर गेला असता तर माझे निम्मे पेशंट कमी झाले असते. थर पेस्टनं निघत नाही आणि मंजनानंही नाही, घासण्यानं निघतो. बोट गुळगुळीत, जाड. ते दातांच्या मधे जात नाही, आणि रोग सुरू होतो तो मधेच.

मामा : आयुर्वेदात असली खरवड नाही पण. मशीन लावून तुम्ही दात खिळखिळे करता. आमच्या शेजाऱ्यानं क्लिनिंग केलं, महिन्यात दात हलायला लागले.

ताई : सुश्रुतसंहिता उघडून बघ. दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग मोजलेत. दातांवर साखरेसारखा खरखरीत थर चढतो त्याला दंतशर्करा म्हटलंय. आणि उपाय काय? मुळांना इजा न करता ती शस्त्रानं काढायची, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळायचं. आधी खरवड, मग मंजन. तू नुसतं मंजन ठेवलंस आणि सुश्रुताचं अर्धं वाक्य गिळलंस. तुझ्या शेजाऱ्याचं सांगते. दोन दातांच्या मधे कीटणाचा पूल झाला की हलणारे दातही त्या दगडानं एकमेकांना चिकटून उभे राहतात. कीटण काढलं की दात किती हलतो ते उघडं पडतं. त्यांचा दात मशीननं हलवला नाही, मशीननं फक्त दाखवला.

मामा गप्प झाला नाही. तो कधीच होत नाही. पण त्यानं मोर्चा वळवला, आणि मला वाटतं त्याचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार होता.

मामा : ठीक. रोग आहे म्हणू. मग मागच्या वर्षी मी एका दवाखान्यात गेलो होतो, तुला न सांगता. पाच मिनिटं आरसा फिरवला आणि म्हणाले, सगळ्या हिरड्यांचं ऑपरेशन, लेझर, हाडाची पावडर, पॅकेज. आकडा ऐकला आणि उतरलो जिना. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक्स घेतल्या, रक्त थांबलं. महिन्याभरात परत सुरू. आता तूच सांग, कुणावर विश्वास ठेवायचा? आणि मी तरी रिकामा आहे. सकाळी आठच्या फास्टला लोंबकळणाऱ्या पोराला विचार, तो दात किती वेळ घासतो. ब्रश तोंडात, बुटाची लेस हातात. आमच्या कंपनीत शटडाउन असायचा, वर्षातून एकदा सगळं बंद करून स्केल काढायचं. पण शटडाउनमध्ये पगार चालू असायचा गं. या पोरांना कोण देणार?

ताई : ते कबूल. पहिल्याच दिवशी, मोजमाप न करता, फोटो न काढता कुणी सगळ्या तोंडाचं ऑपरेशन सांगितलं तर उठून यायचं. बरोबर केलंस. क्रम उलटा असतो. आधी हिरड्यांवरचं आणि हिरड्यांखालचं कीटण काढायचं, जागा बधिर करून मुळं गुळगुळीत करायची, घरी घासायचं कसं ते शिकवायचं. मग सहा-आठ आठवडे थांबायचं. बहुतेक पॉकेट तेवढ्यानंच आकसतात. पुन्हा मोजायचं, आणि जिथे सहा मिलिमीटर किंवा जास्त उरलंय, रक्तही येतंय, तिथेच हिरडी उघडून साफ करायचा विचार. हाडाची पावडर तर ठरावीक आकाराच्या खड्ड्यातच चालते. आणि लेझर लावला म्हणून खरवडणं चुकत नाही.

मामा : आणि माझ्या गोळ्या?

ताई : कूलिंग टॉवरमध्ये स्लाइम असताना बायोसाइड ओतलंत तर काय व्हायचं?

मामा : वरवरचं मरायचं. आतलं तसंच. आधी ब्रश मारून काढावं लागतं, मग केमिकल.

ताई : मग मी वेगळं काय सांगतेय?

मामी आतून म्हणाली, "पाच रुपयांच्या गोष्टीला तुला बॉयलर लागतो समजायला." तिला ताईनं विचारलं, बीपीची गोळी कुठली? अॅम्लोडिपिन. काही जणांच्या हिरड्या तिनं फुगतात. गोळी आपल्या मनानं सोडायची नाही, पण फुगलेल्या दिसल्या तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं. मामीनं आरशात बघितलं आणि माझ्या हिरड्या उत्तम आहेत, असा निकाल देऊन चहा टाकला.

पैशांचं ताईनं टाळलं नाही. डोंबिवलीहून सरळ गाडीनं सीएसएमटीला उतरलं की सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरनं नेरुळला गेलं की तिथेही दंत महाविद्यालयं आहेत. हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, काम विद्यार्थी करतात, वर प्राध्यापक बघतात. वेळ जातो, चार फेऱ्या होतात, पण खिशाला परवडतं आणि मोजमाप काटेकोर होतं, कारण विद्यार्थ्याला ते मास्तरांना दाखवायचं असतं. नोकरीवाल्यांसाठी ती म्हणाली, सकाळची दोन मिनिटं सोडा, रात्रीची घ्या. लोकल पकडायची घाई रात्री नसते. मऊ ब्रश, निम्मा दातावर, निम्मा हिरडीवर असा तिरपा, 45 अंशांत धरून जागच्या जागी हलवायचा. ही पद्धत चार्ल्स बास यांची. न्यू ऑर्लिन्सच्या मेडिकल कॉलेजचे डीन, निवृत्त झाल्यावर दातांच्या मागे लागले. दातांच्या मधे फट असेल तर बाटली धुवायच्या ब्रशची पिल्लं मिळतात, ती घालायची. आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दोन आठवड्यांवर आपण होऊन चालू ठेवायच्या नाहीत, दात तपकिरी होतात.

"निवृत्त झाल्यावर" हे मामानं बरोबर ऐकलं असावं. पुढच्या शनिवारी तो नौपाड्यात खुर्चीवर होता आणि मी बाहेरच्या बाकावर. दार उघडं होतं. ताईच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई होती. एकेका दाताभोवती सहा जागी ती अलगद आत सोडायची आणि आकडा सांगायची, मदतनीस लिहायची. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. रक्त. चार, तीन, पाच. रक्त. तीनपर्यंत ठीक, हे मामाला आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे पाच ऐकलं की त्याच्या पायाची बोटं आखडायची. वरच्या उजव्या शेवटच्या दाढेला ती थांबली. आठ. नऊ. मुळांच्या मधून सळई पलीकडे जात होती. फोटोत त्या दाढेभोवती हाड जवळपास नव्हतंच, एखाद्या झाडाची माती वाहून गेल्यावर मुळं उघडी दिसतात तसं.

"दुखली नाही गं कधी," मामा म्हणाला. दोनदा म्हणाला.

नंतरचे दोन आठवडे त्यानं ताईला फोन करून छळलं. गार पाणी झिणझिणतंय. दातांना खिडक्या पडल्यात, जीभ जाते मधून, तू माझं इनॅमल खरवडलंस. ताई प्रत्येक वेळी तेच सांगायची : खिडक्या आधीच होत्या, त्यात दगड आणि सूज भरली होती. झिणझिण महिन्याभरात बरीच कमी झाली. खिडक्या राहिल्या. झिजलेलं हाड परत येत नाही, हे त्याला पटायला सगळ्यात जड गेलं. कंपनीत ट्यूब बदलता यायची.

मामानं आता चार्टची झेरॉक्स फ्रिजवर लावलीय, बॉयलरच्या लॉगशीटसारखी. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक पाचांचे तीन-चार झाले होते, रक्ताच्या खुणा निम्म्याहून कमी. साखर 8.1 वरून 7.7 वर आली. त्याचं श्रेय मामा चालण्याला देतो, ताई हिरड्यांना आणि मामी गुलाबजाम बंद केल्याला. तिघांचंही थोडं थोडं खरं असेल. मंजन सुटलेलं नाही, ते सकाळी ब्रशवर घेतलं जातं, आणि ताईची त्याला हरकत नाही.

ती वरची उजवी दाढ काढावी लागली. बाकीचे सत्तावीस दात तोंडात आहेत. पुढची मोजणी गणपतीनंतर.